स्टेरॉइडआधी जंतांची चौकशी हवीच

जंत म्हणजे फार तर पोटदुखी, एक गोळी घेतली की विषय संपला, असं बरेच जण म्हणतात. साध्या गोल जंतांना ते बरंचसं लागू पडतं. पण स्ट्राँगिलॉइडिस हा जेमतेम २ मिलिमीटरचा कृमी वेगळाच. अनवाणी पायाच्या कातडीतून तो शिरतो आणि त्याच्या अळ्या आतड्यातूनच पुन्हा शरीरात घुसतात, त्यामुळे मुक्काम कित्येक दशकं टिकतो, बहुधा काही त्रास न देता.

दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी स्टेरॉइड, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, सुरू झालं की मात्र अळ्या बेसुमार वाढतात, फुप्फुसांपर्यंत पोचतात, आतड्यातले जिवाणू रक्तात नेतात. माणूस दगावू शकतो! शौचाच्या एकाच तपासणीत हा पुष्कळदा सापडत नाही, अल्बेंडाझोल या नेहमीच्या जंताच्या औषधाच्या एका गोळीचाही भरवसा नाही. आयव्हरमेक्टिन हे दुसरं जंतनाशक औषध जास्त गुणकारी. रक्तात इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढलेले दिसले आणि मातीत अनवाणी वावर झालेला असेल, तर स्टेरॉइडआधी डॉक्टरांना हे आवर्जून सांगा.