राउटरची सुरुवात नेमकी कोठून मानावी?

प्रश्न (सांगली):
आमच्या महाविद्यालयाच्या अडगळीत जुना राउटर (संगणकांची वेगवेगळी जाळी जोडून माहिती पुढे पाठवणारे यंत्र) सापडला, तेव्हा हे यंत्र मुळात कोणी आणि कशासाठी बनवले, असे विद्यार्थ्यांनी विचारले. राउटर बनवणाऱ्या सिस्को कंपनीपूर्वीचा इतिहास कृपया सांगावा.

उत्तर १ (सातारा):
सर, सुरुवात १९६९ च्या ‘आयएमपी’पासून, म्हणजे ‘अर्पानेट’ या सुरुवातीच्या अमेरिकी संगणक-जाळ्यात संदेश पोहोचवणाऱ्या संगणकांपासून, मानावी. मुख्य संगणकांवर जाळ्याचा भार न टाकता ते काम छोट्या स्वतंत्र संगणकांकडे द्यावे, ही संगणकतज्ज्ञ वेस्ली क्लार्क यांची सूचना होती. त्यानुसार बीबीएन कंपनीने हनीवेल कंपनीच्या कपाटाएवढ्या संगणकांमध्ये या कामासाठी फेरबदल केले आणि २९ ऑक्टोबर १९६९ रोजी त्यांच्यामार्फत लॉस एंजेलिसहून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे पहिला संदेश गेला. ‘लॉगिन’ या शब्दाची दोनच अक्षरे पोहोचली आणि पलीकडची यंत्रणा बंद पडली.

उत्तर २ (मिरज):
वरील माहिती योग्य आहे, परंतु आयएमपी एकाच जाळ्यात काम करत असे, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. आमच्या मिरज जंक्शनवर पूर्वी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही मार्ग एकत्र येत आणि पुढे जाणारा माल एका डब्यातून दुसऱ्यात भरावा लागे. भिन्न जाळ्यांमध्ये नेमके हेच काम करणारा ‘गेटवे’ सर्फ आणि कान या संगणकशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये मांडला. २२ नोव्हेंबर १९७७ रोजी रेडिओ, उपग्रह आणि अर्पानेट ही तीन जाळी त्याद्वारे जोडून दाखवली गेली. आजचा राउटर या गेटवेचाच वंशज आहे. सिस्को त्यानंतरची, १९८४ ची.

प्रश्नकर्ता (सांगली):
मनःपूर्वक आभार. जंक्शनचे उदाहरण उद्याच वर्गात सांगतो.