गेमिंग लॅपटॉप परत परत बंद पडतोय, सर्व्हिस सेंटर दुरुस्त करून देतं आणि परत तेच, वॉरंटी संपत आलीये, काय करू?

ऋता_रामबाग
नमस्कार मंडळी. जरा लांबलचक होईल पण सगळं एकदाच सांगते. मी इंदूरला घरूनच थ्रीडी रेंडरिंगची कामं करते, आर्किटेक्ट लोकांसाठी, आणि त्यासाठीच आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स चिपवाला गेमिंग लॅपटॉप घेतला, जेल रोडच्या दुकानातून, पक्कं बिल आहे. ब्रँडचं नाव राहू दे. झालंय असं की लोड आला की, म्हणजे मी मोठा रेंडर लावला किंवा धाकटा भाऊ गेम खेळायला बसला, की थोड्या वेळात स्क्रीन एकदम काळी, पंखे फुल स्पीडला, कीबोर्डचा लाइट चालूच, जो आवाज चालू असेल तो घर्रर्र करत अडकतो आणि पॉवर बटण दाबून धरल्याशिवाय सुटका नाही. बाकी ईमेल, एक्सेल, यूट्यूब दिवसभर चालवा, काही होत नाही.

सेंटरवाल्यांनी आधी विंडोज नवीन टाकून दिलं. मग मदरबोर्ड बदलला. थोडे दिवस बरं वाटलं, परत तेच, परत बोर्ड. मधे एकदा तर "प्रॉब्लेम आढळला नाही" असं लिहून तसाच हातात दिला. काउंटरवरचा मुलगा यूट्यूब लावून दाखवतो, "मॅडम देखो, चल तो रहा है." अरे यूट्यूबवर तो बंद पडतच नाही, हे मी प्रत्येक वेळी सांगते, तो मान हलवतो आणि जॉबशीटवर लिहितो "स्लो / हँग".

वॉरंटी पुढच्या महिन्यात संपतेय. हप्ते अजून चालू आहेत, क्लायंटला तारीख सांगताना पोटात गोळा येतो. आता रिपेअर नको, बदलून द्या नाहीतर पैसे परत द्या, असं म्हणता येतं का? आणि दोन्ही बोर्डांवर तेच होतंय तर बिघाड नक्की आहे कशात?

जुना_सोल्डरवाला
ऋता, लॅपटॉपात ग्राफिक्स चिप आणि प्रोसेसर दोन्ही मदरबोर्डलाच सोल्डर केलेले असतात, म्हणजे बोर्ड बदलला की ते आपोआप बदलले. तरी तोच त्रास येत असेल तर जे बदललं नाही तिकडे बघायला हवं, आणि ते कोणी बघत नाही. बोर्ड बदलताना तुझाच जुना हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग), तुझीच रॅम, तुझीच एसएसडी, तुझीच बॅटरी परत बसवतात, आणि ॲडॉप्टर तर बहुतेक वेळा तू घरीच ठेवून जातेस. ४०६० ची चिप एकटी ११५ वॉटपर्यंत खेचू शकते, वर प्रोसेसर. ॲडॉप्टर लोडवर दम टाकत असेल तर साध्या कामात कळणारच नाही. त्याच्यावरचं लेबल वाच, २० व्होल्ट ११.५ अँपिअर लिहिलं असेल तर तो २३० वॉटचा. घरात कोणी टाइप-सी चा छोटा चार्जर लावून रेंडर चालवत नाही ना, तेही बघ.

आता पुरावा. स्टार्टमध्ये "रिलायबिलिटी" शोध, रिलायबिलिटी मॉनिटर उघडेल, लाल फुल्या दिसतील त्या तारखांचे फोटो काढ. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, कर्नल-पॉवर ४१ दिसला तर हुरळून जाऊ नकोस, त्याचा अर्थ एवढाच की मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं, कारण त्यात नसतं. त्याच्या आधीच्या मिनिटांत डब्ल्यू-वरून चालू होणारी "व्हीआ-लॉगर" (WHEA-Logger) नावाची एन्ट्री किंवा लाइव्ह कर्नल इव्हेंट १४१ असेल तर मात्र ते कामाचं आहे, पहिली हार्डवेअर एररची आणि दुसरी ग्राफिक्स अडकल्याची. एचडब्ल्यूइन्फो नावाचं तापमान वगैरे दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात लॉगिंग चालू करून रेंडर लाव, बंद पडेपर्यंतचे आकडे फाइलमध्ये राहतात. जीपीयूचं, म्हणजे ग्राफिक्स चिपचं, तापमान आणि हॉटस्पॉट, म्हणजे तिच्यावरची सगळ्यात गरम जागा, यांच्यात साधारण दहा-पंधरा डिग्रीचा फरक असतो, तो खूप जास्त दिसला तर हीटसिंक नीट टेकलेला नाही किंवा चिप आणि हीटसिंकमधली पेस्ट गेली असं समज.

अजून एक. बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? आपल्या जुन्या वाड्यांच्या वायरिंगमध्ये तीन पिनचं सॉकेट असतं पण मागे अर्थिंगची वायरच नसते. इलेक्ट्रिशियनला बोलावून तपासून घे आणि एकदा वेगळ्या घरी नेऊन लोड दे. सेंटरवाला शेवटी "आपके घर का करंट खराब है" म्हणणारच, त्याचं उत्तर आधीच हातात असलेलं बरं.

नंदा_काकू_तुकोगंज
बाळा, मी वकील नाही पण स्वतःची फ्रिजची केस ग्राहक आयोगात स्वतः लढलेली आहे, म्हणून सांगते. तुझं सगळ्यात मोठं नुकसान त्या "स्लो / हँग" ने होतंय. उद्या आयोगापुढे कागद बोलणार, तू नाही. जॉबशीटवर तुझ्या शब्दांत लिहायला लाव: लोडवर काळी स्क्रीन, पंखे फुल, पूर्वीही याच तक्रारीसाठी बोर्ड बदललेला आहे. लिहीत नसेल तर सही करायच्या आधी स्वतः पेनाने लिही आणि फोटो काढ. परत घेताना कोणता पार्ट बदलला ते क्लोजर शीटवर असलंच पाहिजे. तोंडी झालेलं प्रत्येक बोलणं त्याच दिवशी कंपनीच्या ईमेलवर टाक, "आज काउंटरवर असं सांगण्यात आलं" म्हणून.

कायद्याचं म्हणशील तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्यात कलम ३९ खाली आयोग दोष दूर करायला, वस्तू बदलून द्यायला, पैसे परत द्यायला आणि वर नुकसानभरपाई द्यायला सांगू शकतो. कंपनीचं ऑफिस कुठल्याही शहरात असो, तू राहतेस तिथे म्हणजे इंदूरच्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची, त्यामुळे वॉरंटी संपली म्हणजे सगळं संपलं असं घाबरू नकोस, पण दोष वॉरंटीत असतानाच कळवलाय हे कागदावर दिसलं पाहिजे. तक्रारीत दुकानदार, सर्व्हिस सेंटर आणि कंपनी तिघांनाही पार्टी कर, नाहीतर एक दुसऱ्याकडे बोट दाखवत बसतात.

पण आधी १९१५ ला फोन कर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथून तक्रार कंपनीकडे जाते आणि बऱ्याच जणांचं काम तेवढ्यावरच होतं. नाही झालं तर ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या केस दाखल होते. आणि हो, दुकानाचं बिल त्या गुळगुळीत कागदावर असेल तर त्याची शाई उडते, आजच्या आज स्कॅन करून ठेव.

खजराना_गेमर
ताई सोडा हो हे सगळं, वर्ष जाईल. जेल रोडला रिबॉलिंग करून देतात, चिप काढून परत बसवतात, माझ्या मित्राचा चालू झाला होता.

जुना_सोल्डरवाला
भाऊ, मी हेच काम करत होतो म्हणून कळकळीने सांगतो, वॉरंटीतल्या मशीनला बाहेरचा स्क्रूड्रायव्हर लागू देऊ नका. नुसती गरम करून चालू केलेली चिप काही आठवडे-महिने चालते आणि परत जाते. आणि एकदा बाहेर उघडलं की कंपनीला तेवढंच निमित्त पुरतं. मित्राचा अजून "चालू आहे" की "चालू होता", तेही विचारा.

ऋता, परत बोर्ड बदलून आणलास तर काउंटर सोडायच्या आधी दोन गोष्टी बघ. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी सेटिंगची स्क्रीन) दिसणारा सिरीयल नंबर आणि खालच्या स्टिकरवरचा सारखा आहे का, कारण नव्या बोर्डात तो टाकायचा राहून गेला तर वॉरंटी शोधताना मशीनच सापडत नाही. दुसरं, विंडोज बिटलॉकरची, म्हणजे डेटाला लावलेल्या कुलपाची, ४८ आकडी की मागेल, ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून आधीच लिहून ठेव. ती नसेल तर डेटा गेला म्हणून समज.

ऋता_रामबाग
सगळ्यांचे मनापासून आभार. विजय नगरला मावशीच्या फ्लॅटवर नेऊन लोड दिला, तिथलं वायरिंग नवीन आहे, अर्थिंग तपासलेलं, तिथेही तसाच काळा झाला. लॉगमध्ये जीपीयू ८१ आणि हॉटस्पॉट १०४, हे बघून मीच दचकले. नंतर काकूंनी सांगितलं तसं ईमेल लिहिलं, आधीच्या सगळ्या जॉबशीट जोडल्या, १९१५ वर तक्रार नोंदवून तिचा नंबरही त्यात टाकला. मग सेंटरमधून स्वतःहून फोन आला. या वेळी मी यूट्यूब लावूच दिलं नाही, माझाच सीन उघडून रेंडर लावला आणि तिथेच स्टुलावर बसून राहिले. त्यांनी स्वतःचा ॲडॉप्टर लावला तरी बंद पडला, त्यांच्या सिनियर इंजिनिअरच्या डोळ्यांदेखत. जॉबशीटवर आता "लोड टेस्टमध्ये ब्लॅक स्क्रीन, कन्फर्म" असं छापून आलंय. ते म्हणतात हीटसिंक आणि बोर्ड दोन्ही बदलतो, मी लेखी कळवलंय की रिपेअर मान्य नाही, रिप्लेसमेंट हवं. रिक्वेस्ट वर पाठवलीय म्हणाले. काकू, हे आलं तर घेऊ ना? की पैशांवरच अडून बसू?

नंदा_काकू_तुकोगंज
शाब्बास ग. नवं, सीलबंद मशीन देत असतील तर घे, तुझं काम थांबलंय ते आधी सुरू होऊ दे. फक्त विचार की नवं आहे की रिफर्बिश्ड, म्हणजे जुनं दुरुस्त केलेलं, आणि वॉरंटी आजपासून पूर्ण मिळणार की जुन्याचीच उरलेली. बऱ्याच ठिकाणी उरलेलीच देतात, म्हणजे तुझ्या बाबतीत काही आठवडेच. याचं उत्तर ईमेलवर आल्याशिवाय जुना लॅपटॉप त्यांच्या हातात सोडू नकोस, आणि "माझी काही तक्रार उरली नाही" अशा कुठल्या कागदावर मशीन चालवून बघायच्या आधी सही करू नकोस.