टर्बो बदलण्याआधी: थंडीतल्या धुराची चौकशी

विषय: गाडीतून धूर, टर्बो गेला म्हणतात

नमस्कार मंडळी,

आपल्या ईमेल-यादीवर गाड्यांमधले जाणकार आहेत, म्हणून विचारते. माझी टर्बो पेट्रोल गाडी आहे, म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा असलेली. थंडी सुरू झाल्यापासून मागून धूर येतोय. वर्कशॉपमध्ये नेली, तर त्यांनी बॉनेटही न उघडता, मागे उभं राहून एक नजर टाकली आणि सांगितलं, "टर्बो गेला, बदलावा लागेल." खर्चाचा आकडा ऐकून मी गाडी तशीच परत आणली. पिकअप पूर्वीसारखाच आहे, आवाजात फरक नाही, डॅशबोर्डवर कुठला दिवाही नाही. टर्बो असा गुपचूप जातो का?

विषय: उत्तर: गाडीतून धूर, टर्बो गेला म्हणतात

ताई, थंडीत सगळ्याच गाड्या वाफ सोडतात. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. उन्हाळ्यात ते दिसत नाही, थंडीत दिसतं, एवढंच. पारा शून्याच्या बराच खाली असेल तर इंजिन पूर्ण तापल्यावरही वाफ थांबत नाही. निर्धास्त राहा.

विषय: उत्तर: उत्तर: गाडीतून धूर, टर्बो गेला म्हणतात

निर्धास्त राहा म्हणायची घाई नको आणि टर्बो गेला म्हणायचीही नको. आधी ती वाफ आहे की धूर, ते ठरवू.

वाफ पांढरी असते, हवेत लगेच विरते आणि तिला वास जवळजवळ नसतो. ऑइलचा धूर निळसर असतो, खाली रेंगाळतो आणि जळक्या तेलाचा वास नाकात बसतो. कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) जळत असेल तर धूर पांढरा आणि दाट असतो, विरत नाही आणि वास गोडसर येतो. सकाळच्या तिरप्या उन्हात पांढरं आणि निळं यात डोळे फसतात, म्हणून एक कोरा पांढरा कागद सायलेन्सरच्या तोंडापासून हातभर लांब धरा. पाण्याचे थेंब वाळून जातात, तेलाचे डाग राहतात. काळ्या काजळीकडे सध्या लक्ष देऊ नका.

हे उघड्यावर करा. गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून नको, दार उघडं असलं तरी नको.

आणि मला एवढं कळवा: धूर नेमका कधी येतो? चालू करताक्षणी, सिग्नलला थांबून पुढे निघताना, चढावर जोर देताना, की उतारावर पाय काढल्यावर? कूलंटची पातळी गार इंजिनवर बघा, तापलेल्या इंजिनचं झाकण उघडू नका. डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) ऑइल कमी होतंय की वाढतंय, तेही सांगा.

विषय: धूर कधी येतो

काका, कागदावर तेलाचे बारीक ठिपके राहिले. रंग निळसरच आहे. चालू करताना फक्त पांढरी वाफ असते, ती जाते. निळा धूर येतो तो गाडी बराच वेळ जागेवर चालू ठेवल्यावर, मग निघताना एक मोठा लोट. हायवेला लागलं की काही नाही. कूलंट जसंच्या तसं आहे. ऑइल मात्र वरच्या खुणेच्याही किंचित वर आहे, ते कसं? मी तर घातलेलं नाही. ऑइलच्या झाकणाला आतून पिवळट फेस लागलाय, तो बघून जास्त घाबरले. कुणीतरी हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचं डोकं आणि धड यांमधलं सील, गेलं म्हणालं. माझा वापर म्हणजे रोजचं जवळच्या जवळ जाणं-येणं. परवा थंडी जरा ओसरली होती तेव्हा धूर जवळजवळ नव्हता.

विषय: उत्तर: धूर कधी येतो

ताई, तुमचं शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं आहे. टर्बो झिजला असेल तर तो हवामान बघून बरा होत नाही.

टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर फिरतो. ते ऑइल बारीक नळीतून प्रेशरने येतं, पण परत जाताना त्याला ढकलायला कुणी नसतं. जाड नळीतून ते उताराने खाली इंजिनच्या तळाच्या चेंबरमध्ये पडतं. दांड्याच्या टोकाचं सील रबराचं नसतं, पिस्टनच्या रिंगेसारखी धातूची रिंग असते. ती पाणबंद झाकण नव्हेच. बाहेरचा वायूचा दाब आतल्यापेक्षा जास्त राहतो, तोवरच ती ऑइल अडवते.

आता चेंबरमध्ये दाब वाढला, तर उतारावरून येणारं ऑइल खाली जाईना होतं, तुंबतं आणि रिंगेतून एक्झॉस्टच्या बाजूला झिरपतं. जागेवर उभ्या गाडीत एक्झॉस्टचा दाब कमी असतो, म्हणून तेव्हाच जास्त झिरपतं, तिथे साठतं, आणि तुम्ही निघालात की जळून लोट येतो. हायवेला नाही. तुम्ही लिहिलंत तसंच.

चेंबरमध्ये दाब का वाढेल? पिस्टनच्या कडेने थोडा वायू खाली येतोच, तो पीसीव्ही व्हॉल्व्ह (त्याच वायूसाठीची झडप) आणि ब्रीदर पाइपमधून बाहेर ओढला जातो. त्या वायूत पाणी असतं. जवळच्या फेऱ्यांत ऑइल पुरेसं तापत नाही, पाणी उडून जात नाही, ते ऑइलशी घुसळलं जाऊन तो पिवळट फेस होतो, आणि कडाक्याच्या थंडीत ब्रीदर पाइपमध्ये गोठतो. झाकणावरच्या फेसाने घाबरू नका. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल आणि कूलंट हलत नाही, तर गॅस्केटवर संशय घ्यायला आत्ता आधार नाही. तरी खात्री हवीच असेल तर कूलंटच्या टाकीवर धरून करायची रसायनाची चाचणी आहे: जळका वायू कूलंटमध्ये येत असेल तर निळं द्रव पिवळं पडतं.

ऑइल वाढलं तेही त्याच फेऱ्यांमुळे. गार इंजिनला जास्त पेट्रोल मिळतं, न जळलेलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक हुंगून बघा, पेट्रोलचा वास येईल.

आता तपासणी. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण काढून त्या तोंडावर पातळ रबरी हातमोजा बसवा. आत ओढला गेला तर ठीक. फुगून ताठ उभा राहिला तर बहुधा ब्रीदर तुंबलाय. हे थंडीतच, गाडी रात्रभर बाहेर राहिल्यानंतर करा, कारण बॉनेटखाली ऊब आली की बर्फ वितळतो आणि वर्कशॉपमध्ये सगळं निर्दोष निघतं.

एक प्रामाणिक अडचण: व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल सिलिंडरमध्ये उतरू न देणारी) कडक झाली तरी बराच वेळ आयडलिंगनंतर असाच लोट येतो. पण मग रात्रभर उभी गाडी चालू करतानाही निळा धूर येतो, आणि उतारावर पाय काढून पुन्हा दाबल्यावरही. निर्णय स्पार्क प्लग देतात. एखादा प्लग तेलकट असेल तर ऑइल त्या सिलिंडरमध्ये जळतंय. सगळे कोरडे असतील आणि तरी धूर निळा असेल, तर ऑइल सिलिंडरच्या पुढे, म्हणजे टर्बोत, मिसळतंय.

टर्बो खरंच बघायचा असेल तर गार इंजिनवर हवेचा पाइप काढून दांडा बोटांनी हलवा. आडवा थोडा हलणं ठीक आहे, तो ऑइलच्या थरासाठीच मोकळा ठेवलेला असतो. आत-बाहेर हललेलं जाणवता कामा नये, आणि पाती भिंतीला घासलेली नसावीत. पाइपमध्ये तेलाचा पातळ पापुद्रा दिसला म्हणून टर्बो दोषी ठरत नाही, तो ब्रीदरमधूनही येतो.

विषय: उत्तर: धूर कधी येतो (डिझेलवाल्याची घुसखोरी)

याच धाग्यात घुसतो, माफी असावी. माझी टर्बो डिझेल सकाळी पांढरा धूर सोडते, डोळे चुरचुरतात, इंजिन थरथरतं, मग तापलं की गप्प. हाही ब्रीदरच का?

विषय: हातमोजा फुगला

काका, हातमोजा फुगला, आणि चांगला ताठ! प्लग दुसऱ्या वर्कशॉपमध्ये काढून घेतले, सगळे कोरडे. त्यांनी ब्रीदरचा पाइप सोडवला तर आत तोच पिवळट चिखल, मधोमध बर्फाचा गोळा. पाइप आणि व्हॉल्व्ह नवा बसवला. दांडाही हलवून दाखवला, आत-बाहेर काही नाही. पण घरी येताना पुन्हा थोडा निळा धूर दिसला, म्हणून लिहितेय.

विषय: उत्तर: हातमोजा फुगला

ताई, आधी झिरपलेलं ऑइल सायलेन्सरमध्ये आणि टर्बोच्या पोटात अजून आहे. ते जळून जाईपर्यंत धूर येईल. त्यासाठी एकदा गाडी लांब न्या. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मध्यावर आला म्हणजे कूलंट तापलं, ऑइलला त्यानंतरही वेळ लागतो.

पण त्याआधी ऑइल आणि फिल्टर बदला. पेट्रोल मिसळलेलं पातळ ऑइल टर्बोच्या बेअरिंगला घातक आहे. नवं भरताना वरच्या खुणेच्या वर जाऊ देऊ नका. ग्रेड गाडीच्या पुस्तकातलाच घ्या. डब्ल्यूआधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑइल थंडीत पातळ राहतं: ०डब्ल्यू ऑइलची गार चाचणी उणे ३५ अंशांना होते, ५डब्ल्यूची उणे ३० ला, १०डब्ल्यूची उणे २५ ला. कडाक्याच्या थंडीत जाड ऑइल टर्बोपर्यंत उशिरा पोचतं. चालू केल्याबरोबर रेस करू नका, मिनिटभरात हळूहळू निघा. जागेवर ताटकळत गरम करत बसलात तर आजार तोच परत येईल.

डिझेलवाले दादा, तुमचं वेगळं आहे. डोळे चुरचुरणारा पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. ग्लो प्लग (गार सिलिंडर तापवणारे) एकेक करून मीटरने बघा, जळालेला प्लग ओपन, म्हणजे तुटलेलं सर्किट, दाखवेल. तो सिलिंडर सकाळी पेटत नाही, म्हणून थरथर. मात्र डिझेलमध्ये निळा धूर यायला लागला आणि इंजिन आपोआप रेस घ्यायला लागलं तर चालवत राहू नका. टर्बोतून आलेल्या ऑइलवरच ते पळत असू शकतं आणि मग किल्ली काढूनही थांबत नाही.

ताई, ऑइल बदलून लांबची फेरी झाल्यावरही निळा लोट येत राहिला, तर टर्बोची परतीची नळी सोडवून आत कार्बन धरलाय का ते बघायला सांगा. आणि थंडी पडल्यावर हातमोजा परत एकदा लावून बघा.