इंडियन ओशन या रॉक बँडचा कोणता अल्बम घेऊ? (बाबांसाठी)

प्राजक्ता_क: बाबा पुढच्या महिन्यात साठीचे होतायत. जन्मभर भजनी मंडळात तबला वाजवला, रॉक म्हणजे गोंगाट असं ठाम मत. परवा गाडीत त्यांचं 'बंदे' लागलं तर म्हणाले, परत लाव. एकच सीडी द्यायचीय, गाडीत प्लेअर आहे, बजेट ६००.

मध्यलय: डोळे झाकून 'कंदिसा' (२०००). पण गाडीत काय कळणार, घरी चांगला अ‍ॅम्प्लिफायर नि स्पीकर घ्या. मी ४० हजार घातले, राहुल रामचा बेस गिटार पोटात जाणवतो.

सातपुडा७९: कंदिसाच. आमचं गाव धडगावकडे. त्यातलं 'मा रेवा' नर्मदाकाठचं गाणं आहे, राहुल राम नर्मदा आंदोलनात होते. आमच्याकडे धरणाचं पाणी चढलं तेव्हा मी शाळेत होतो, ते गाणं लागलं की अजून बोलणं सुचत नाही.

जुनी_कॅसेट: तबलजींना 'डेझर्ट रेन' (१९९७) द्या! दिल्लीत 'सहमत' या कलाकारांच्या संस्थेच्या कार्यक्रमात लाइव्ह रेकॉर्ड झालाय. असीम चक्रवर्ती तबला वाजवता वाजवता गायचे, ते त्यात नीट ऐकू येतं. डिसेंबर २००९ मध्ये असीमदा गेले नि २०१३ ला सुश्मित सेन बाहेर पडले, त्यांच्या गिटारशिवाय मला तो बँड वाटतच नाही.

मध्यलय: नाही पटत. २०१० ला 'खजूर रोड'ची गाणी दर महिन्याला एक अशी नेटवर फुकट दिली, कंपनीच्या दारात उभे राहिले नाहीत. असीमदांचा आवाज आहे त्यात. २०२३ मध्ये 'तू है' पण आला. माणसं बदलली तरी बँड चालू आहे की.

कोपरा: जुनी सीडी ऑनलाइन घेणार असाल तर आधी खालच्या बाजूचा फोटो मागवा. मला कंदिसाच्या डबीत भलतीच सीडी आली, पैसे गेले ते गेले.

सातपुडा७९: +१ कंदिसा.

प्राजक्ता_क: सगळ्यांचे आभार. काल रात्री सगळे थोडे थोडे ऐकले. 'तंदानू' (२०१४) घेतेय. कोणीच सुचवला नाही, पण त्यात पाहुण्यांमध्ये गायिका शुभा मुद्गल आहेत, नि बाबा त्यांच्यासाठी मिरजेहून पुण्याला एसटीने गेले होते. फोटो मागवलाय, ४५० म्हणतोय.

जुनी_कॅसेट: डेझर्ट रेन पण ऐकवा हो त्यांना.