मदत हवी आहे : आयसीयूतल्या संशोधनाचे विषय पेशंट-नातेवाइकांना विचारून ठरवायचे आहेत

नमस्कार मंडळी. मी मिरजेत एका हॉस्पिटलच्या आयसीयूत सिस्टर आहे. आमच्याकडे संशोधनाचे विषय डॉक्टरच ठरवतात. यंदा पेशंट, नातेवाईक आणि आम्ही स्टाफ, सगळ्यांना विचारायचं ठरलंय. ब्रिटनमध्ये जेम्स लिंड अलायन्स नावाची संस्था २००४ पासून असंच करते : आधी सगळ्यांचे प्रश्न गोळा करायचे, ज्यांची उत्तरं आधीच मिळालीत ते गाळायचे, मग एकत्र बसून पहिले दहा निवडायचे.

मला हे मनापासून हवंय. गेल्या महिन्यात व्हेंटिलेटरवरून सुटलेले जतचे एक काका तपासणीला आले होते. मनगट पुढे करून म्हणाले, "सिस्टर, माझे हात का बांधले होते? मला वाटलं, पोलिसांनी धरलंय." नळी ओढू नये म्हणून बांधतो, पण न बांधता भागेल का, हा संशोधनाचाच प्रश्न आहे. तो आमच्या एकाही यादीत नव्हता.

आता अडचणी. जिन्यात चटई टाकून बसलेल्या नातेवाइकांना त्या दिवसांत विचारणं मला बरं वाटत नाही. डिस्चार्जनंतर किती दिवसांनी विचारावं? पेशंट दगावला असेल तर घरच्यांना फोन करावा का? अथणी-कागवाडकडच्या कन्नड बोलणाऱ्यांचं कसं करायचं? आणि बैठकीत मोठ्या डॉक्टरांसमोर मावशी, वॉर्डबॉय तोंड उघडतील का? त्यांना आधी वेगळं बसवावं का?

कुणी असं काम केलं असेल तर अनुभव सांगा. मराठीत फॉर्म असेल तर फार उपकार होतील.