सेवेला गुण द्यायचे, तर नेमके कशाला?

पायवाट
अभ्यासक्रमाचा भाग म्हणून विद्यार्थ्यांना समाजात काम करायला पाठवायचं आणि त्याचे श्रेयांक द्यायचे, ही 'सेवा-शिक्षणा'ची पद्धत आता अनेक देशांतल्या विद्यापीठांत रुळली आहे. पाठवायला माझा विरोध नाही. नंतर जे मोजलं जातं त्याने मात्र मी अस्वस्थ होते. हजेरीचा कागद, समन्वयकाची सही, चार फोटो, दोन पानी अहवाल. तास भरले की श्रेयांक जमा.

माझं म्हणणं असं की गुण जरूर द्या, पण तासांना देऊ नका आणि चांगुलपणालाही देऊ नका. त्या कामातून विषय किती कळला, त्याला द्या. संख्याशास्त्राच्या विद्यार्थिनीने एखाद्या दवाखान्याच्या नोंदी लावून दिल्या, तर 'मला खूप समाधान मिळालं' हे मला वाचायचं नाही. कोणाच्या नोंदी गहाळ आहेत, त्या का राहतात, उरलेल्या नोंदींवरून काढलेली सरासरी कुठे फसवेल, हे तिने सांगावं. प्रत्येक अनुभवातून शिक्षण होतंच असं नाही, काही अनुभव पुढच्या शिकण्याची वाटच अडवतात, असं अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी १९३८ मध्ये मांडलं होतं. 'हे लोक असेच असतात' हा ग्रह पक्का करून परतलेल्या विद्यार्थ्याचेही तास पूर्ण भरलेले असतात.

दुसरी गोष्ट. रॉबर्ट सिग्मन यांनी १९७९ मध्ये सेवा-शिक्षणाची तीन तत्त्वं सांगितली. त्यातलं पहिलंच असं की ज्यांच्यासाठी काम चाललंय, सूत्रं त्यांच्या हाती हवीत. मग मूल्यमापनात त्यांचा आवाज कुठे असतो? काही गुण त्यांच्या हातात का नसावेत?

ओलावा
मुळात गुणच नकोत, या मताची मी आहे. मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि सहकाऱ्यांचा १९७३ चा प्रयोग घ्या. चित्रं काढायची आवड असलेल्या लहान मुलांना आधी बक्षीस कबूल केलं, तर नंतर मोकळ्या वेळात ती कमी चित्रं काढू लागली. ती बालवाडीतली मुलं होती म्हणाल, तर १९९९ चा स्टुकस, स्नायडर आणि क्लॅरी यांचा अभ्यास विद्यार्थ्यांच्या सक्तीच्या सेवेवरच आहे. 'आपल्याकडून हे करून घेतलं जातंय' असं ज्यांना वाटलं, त्यांची पुढे स्वतःहून असं काम करायची इच्छा मंदावलेली दिसली. चार श्रेयांकांसाठी आपण पुढच्या वीस-तीस वर्षांचं नागरिकत्व पणाला लावतोय.

पायवाट
@ओलावा, दुसरा अभ्यास मलाही महत्त्वाचा वाटतो, पण तो सक्तीबद्दल आहे. निवड करू दिली, की काचणारी सक्ती सैल होते, हेही त्यातच दिसतं. काम कुठलं, कुणाबरोबर, कधी, हे विद्यार्थ्याला ठरवू द्या. आणि गुण काढून टाकले तर काय होईल, याचाही विचार करा. ज्या विषयाला गुण नाहीत त्याला वेळापत्रकात जागा मिळत नाही, शिक्षकाच्या कामाच्या तासांतही तो धरला जात नाही.

खडूफळा
शिकवणारा माणूस आहे, म्हणून जरा रोखठोक लिहितो. विषय कळला की नाही हे मोजायला नेहमीची परीक्षा पुरते. मिशिगन विद्यापीठात राज्यशास्त्राच्या एका मोठ्या वर्गाच्या काही तुकड्यांना समाजातलं काम दिलं आणि बाकीच्यांना नेहमीप्रमाणे शिकवलं. मार्कस, हॉवर्ड आणि किंग यांनी १९९३ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. काम केलेल्या तुकड्यांचे परीक्षेतले गुण सरस होते. म्हणजे फरक पडायचा तर तो तिथे उमटतोच. अनुभवातून काय शिकलो याचं वेगळं चिंतनलेखन तपासायची हौस कशाला? एका वर्गात ऐंशी विद्यार्थी. प्रत्येकाला ठाऊक असतं की आधी अज्ञान, मग एक हृदयस्पर्शी प्रसंग, मग परिवर्तन, असं लिहिलं की गुण पडतात. अमेरिकेतल्या महाविद्यालयांच्या एका संघटनेने २००९ मध्ये नागरी सहभागासाठी एक ते चार पातळ्यांचा निकष-तक्ता काढला. तो मनापासून तयार केलेला आहे. पण चौथ्या पातळीची भाषा विद्यार्थी आठवड्याभरात आत्मसात करतात, ती समज यायला वर्षं लागतात.

शेवटचा_बाक
मी विद्यार्थी आहे. @खडूफळा, तुम्ही सांगितलेला साचा खरा आहे, मीही तो वाचून वाचून शिकलो. पण त्याला कारण आहे. आमच्या गटाने शाळेतल्या मुलांसाठी वाचनवर्ग सुरू केला आणि महिन्याभरात तो बंद पडला, कारण आम्ही निवडलेल्या वेळी मुलं घरी लहान भावंडं सांभाळत होती. माझ्या लेखी सगळ्यात जास्त शिकणं याच फसण्यात होतं. अहवालात ते लिहायला मात्र गटातलं कोणी तयार नव्हतं, कारण तक्त्यात 'प्रकल्पाचं यश' नावाचा रकाना होता.

पायवाट
तो रकाना आधी काढायला हवा. त्याजागी 'काय गृहीत धरलं होतं आणि ते कुठे मोडलं' असा प्रश्न ठेवा. याचं साचेबंद उत्तर देणं अवघड आहे, कारण त्यात त्या ठिकाणचा तपशील लागतो. @खडूफळा, ऐंशी निबंध वाचू नका. प्रत्येक गटाला पंधरा मिनिटं समोर बसवा आणि विचारा. पाठ केलेलं परिवर्तन दुसऱ्या प्रश्नाला उघडं पडतं.

करकोचा
मी पलीकडच्या बाजूला आहे. आमची छोटी संस्था दर सत्रात विद्यार्थी घेते. 'काही गुण समाजाच्या हातात द्या' ही सूचना वाचून मी थबकले. आम्ही कुणाला कमी गुण देऊ असं वाटतं तुम्हाला? दिले तर पुढच्या वर्षी मुलं येणार नाहीत, विद्यापीठाशी संबंध बिघडतील, आणि त्या मुलाचं नुकसान आमच्या माथी येईल. ज्या बाईंच्या घरी ती मुलं सर्वेक्षणाला जातात, त्यांना विचारलं तर 'चांगली आहेत हो पोरं' एवढंच उत्तर येईल. त्या खोटं बोलत नाहीत, पण नापास करण्याचा अधिकार आपल्याला खरंच आहे असं त्यांना वाटतच नाही. शिवाय प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक फॉर्म भरायचा, म्हणजे तुमचं काम आमच्या दोन कर्मचाऱ्यांवर टाकायचं.

आवाज द्यायचाच असेल तर आम्हाला विद्यार्थ्याबद्दल विचारू नका, विद्यापीठाबद्दल विचारा. काम ठरवताना आम्ही खोलीत होतो का? सत्र संपल्यावर अर्धवट राहिलेलं काम कोणी पुरं केलं? जमवलेली माहिती आम्हाला परत मिळाली का? मुलांना शिकवण्यात आमचे किती दिवस गेले?

खडूफळा
@करकोचा, हे पटलं. २०११ मध्ये सेलियो, डर्लाक आणि डिम्निकी यांनी ६२ अभ्यास एकत्र करून पाहिले, जवळपास १२ हजार विद्यार्थी. पाचही बाबतींत फायदा दिसला, पण त्या पाचही बाबी विद्यार्थ्याच्याच: स्वतःकडे पाहण्याची दृष्टी, शिक्षणाबद्दलची ओढ, नागरी सहभाग, सामाजिक कौशल्यं, अभ्यासातली प्रगती. समाजाच्या पदरात काय पडलं, हा रकाना त्यात नाही. मी वर दिलेल्या मिशिगनच्या अभ्यासाचंही तेच.

ओलावा
विद्यापीठाला गुण द्यायचे तर मी तुमच्या बाजूने आहे. अमेरिकेत समाजाशी जोडून काम करणाऱ्या विद्यापीठांना मान्यता देणारं कार्नेगी प्रतिष्ठानचं समाज-सहभागाचं वर्गीकरण २००६ पासून संस्थांचाच विचार करतं, पण अर्ज संस्था स्वतः करते आणि पुरावेही तीच जोडते. विद्यार्थ्याच्या गुणांबद्दल माझं मत बदललेलं नाही. पंधरा मिनिटांच्या तोंडी परीक्षेतही जो सहज बोलतो तोच पुढे जाईल आणि न बोलता काम करणारी मागे राहील.

पायवाट
तोंडी परीक्षेबद्दलची शंका रास्त आहे, म्हणून कामाच्या ठिकाणी ठेवलेली टिपणवहीही सोबत धरावी. समाजाने विद्यार्थ्याला गुण देण्याची माझी सूचना मी मागे घेते. @करकोचा, तुमचे चार प्रश्न आमच्या अभ्यास मंडळापुढे ठेवायचे आहेत. उत्तरं कोणाकडे जावीत? विभागाकडे गेली तर नाव न घालताही कोणी लिहिलं ते लगेच कळेल.

करकोचा
विभागाकडे नकोच. तुमच्याकडे मुलं घेणाऱ्या आम्ही सगळ्या संस्था मिळून एकच उत्तर देऊ. त्यासाठी वर्षातून एकदा आम्हाला एकत्र बसू द्या, तुमच्यापैकी कोणी हजर नसताना.