अनुभव धागा : चित्रांच्या घरात मुक्काम (जुने वाडे, हवेल्या, राजवाडे आणि तिथली कला)

कुळागर
काल आत्याकडे लाइट गेली आणि भाचरांचा मेंढीकोट सुरू झाला. त्यात एकीनं विचारलं, पत्ते चौकोनीच का असतात? झालं, मी गंजिफावर, म्हणजे हातानं रंगवलेल्या जुन्या गोल पत्त्यांवर सुटलो. पोरं केव्हाच भेंड्यांवर गेली, पण मला सावंतवाडी आठवली ती आठवलीच. म्हणून हा धागा.

सावंतवाडीच्या राजवाड्याच्या आवारात ताईसाहेब वाडा आहे. तिथे आता मोजक्या खोल्यांचं हॉटेल केलंय आणि खोल्यांना दशावतारांची नावं आहेत. (बायकोनं आल्या आल्या विचारलं, याच्यासाठी कूर्म आहे का? मी आवरायला वेळ लावतो त्यावरून.) भिंतीवर, फर्निचरवर, जिथे तिथे गंजिफाची चित्रं. राजवाडा जांभ्याचा, खेम सावंत तिसरे यांच्या काळातला, म्हणजे १७५५ ते १८०३ मधला. समोर मोती तलाव.

पण मला लिहायचंय ते खोलीबद्दल नाही. सकाळी दरबार हॉलमध्ये गेलो तर कारागीर जमिनीवर बसून पत्ते रंगवत होते. एक बाई माशाचे खवले काढत होत्या, मत्स्य अवताराच्या पानावर. ब्रश इतका बारीक की मला तो दिसायलाच वेळ लागला. बोलता बोलता कळलं, पूर्वी कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीनं चिकटवायचे, घोटायचे, वर लाखेचा हात द्यायचे. ही कला जवळपास संपली होती. सावंतवाडीचे राजे-राणी शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी हे पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिरांकडे स्वतः शिकायला बसले आणि मग राजवाड्यातच काम सुरू केलं.

माझं मत असं की चित्रं टांगलेली हॉटेलं ढिगानं आहेत. चित्र काढणारं माणूस तिथेच भेटलं तर मजा वेगळी. तुम्ही कुठे राहिलाय अशा ठिकाणी? जुनी इमारत हवी आणि कला हवी, एवढीच अट. लिहा.

बांद्याची बाय
वाडीक इलंस आनि माका सांगूक नाय? तलावाकडे भजी तरी खाल्लंस काय नाय? चितारआळीत लाकडाची फळां घेतलंस?

कुळागर
@बाय, घेतली गो. लाकडी केळी, आंबा, सीताफळ. सासूबाईंनी सीताफळ खरं समजून धुवायला घेतलं :)

ठाणेकर_मीनल
वाचतेय. आत्ता कुकर लावलाय, नंतर लिहिते.

कॅरीकर
आमच्याकडचं लिहितो. आम्ही नॉर्थ कॅरोलायनात कॅरीला. शेजारी डरॅम, तिथे ट्वेंटीवन सी म्युझियम हॉटेल. इमारत १९३७ ची, मूळची बँक, आणि आर्किटेक्ट तेच ज्यांनी न्यू यॉर्कची एम्पायर स्टेट बांधली : श्रीव्ह, लॅम्ब आणि हार्मन. बघितली की कळतंच, धाकटी बहीण शोभते. तळघरात बँकेची तिजोरी अजून आहे, जाडजूड गोल दरवाजासकट.

आईबाबा आले होते तेव्हा लग्नाच्या वाढदिवसाचं निमित्त करून त्यांना एक रात्र ठेवलं. आता ऐका. या हॉटेलात गुलाबी प्लास्टिकचे पेंग्विन असतात, लहान मुलाच्या उंचीचे. ते कोणीही उचलून कुठेही ठेवायचे. आई पहाटे उठून दार उघडते तर दारात पेंग्विन. तिनं पहिल्यांदा रामरक्षा म्हटली आणि मग बाबांना उठवलं. नाश्त्याला गेलो तर आणखी एक आमच्या टेबलाशी उभा. आईनं त्याच्यासमोर बशी सरकवली, म्हणाली पाहुणा आहे.

प्रत्येक शाखेचा रंग वेगळा. लुईव्हिलला, जिथे हे २००६ मध्ये सुरू झालं, तिथे लाल. ती इमारत म्हणजे तंबाखू आणि बर्बन व्हिस्कीची जुनी गोदामं. लाल पेंग्विन २००५ च्या व्हेनिस बिएनालेला, म्हणजे तिथल्या मोठ्या कलाप्रदर्शनात होते. गॅलरी बघायला तिकीट नाही, खोली घ्यायचीही गरज नाही, रात्री दोन वाजता जा. मला सगळ्यात हेच आवडलं. आम्ही नंतर कित्येकदा फुकटच गेलोय, पोरांना घेऊन, पाऊस असला की.

झोपाळा
बशी सरकवली =)) काकूंना नमस्कार सांगा.

ठाणेकर_मीनल
आले. वरणभात झाला.
आम्ही राजस्थानात शेखावाटीत राहिलो होतो, मंडावाला, हवेलीत. हॉटेलचं नाव लिहीत नाही. चित्रं म्हणजे छतापासून उंबऱ्यापर्यंत. राधाकृष्ण, ढोलामारू, आणि मध्येच टोपीवाला साहेब मोटारीत, आगगाडी, विमान. काढणाऱ्यांतल्या कित्येकांनी आगगाडी पाहिलेलीच नव्हती म्हणे, ऐकीव माहितीवर काढायचे. म्हणून डबे घरासारखे दिसतात, एकावर एक खिडक्या. नवरा म्हणाला ही बदलापूर लोकल.
पण गरम पाण्याच्या नावानं शिमगा. आणि रात्री छतातून काहीतरी फडफडत होतं. मॅनेजर म्हणे पारवा आहे. पारवा रात्री उडतो होय? मी ओढणी डोक्यावर घेऊन झोपले, वर अख्खी रासलीला रंगवलेली आणि मला दिसतेय फक्त ओढणी.

निळावंती
@मीनल, वटवाघूळ गं ते. :)
शेखावाटीतल्याच फतेहपूरला गेली होतीस का? तिथे १८०२ ची देवडांची हवेली नादीन ल प्रँस या फ्रेंच चित्रकर्तीनं १९९८ मध्ये घेतली आणि भित्तिचित्रं नीट करवून घेतली. तिथेही राहता येतं. बाकीच्या गावातल्या कित्येक हवेल्यांना नुसतं कुलूप, मालक कोलकात्यात नाहीतर मुंबईत, आणि एका हवेलीला पन्नास वारस. त्यामुळे विकायचीही सोय नाही आणि दुरुस्तीचीही. आपल्या कोकणातल्या घरांसारखंच.

झोपाळा
वारस म्हणालीस आणि माझं बीपी वाढलं. आमच्या गुहागरच्या घराचं सांगू का? नको, दुसरा धागा होईल.

चुना_सुर्खी
थोडं कामाचं बोलतो, जुन्या इमारतींची दुरुस्ती हाच माझा धंदा आहे. वरचे अनुभव वाचून छान वाटलं, पण हॉटेल करताना जुन्या भिंतींचे हाल होतात ते कोणी बघत नाही. चुन्याचा गिलावा ओल घेतो आणि सोडतो. त्यावर मालक हौसेनं प्लास्टिक इमल्शन मारतात, चकचकीत दिसावं म्हणून. ओल आत अडकते, मग क्षार बाहेर येतात, पापुद्रे सुटतात, आणि चित्र असेल तर चित्रासकट. जांभ्यावर सिमेंटचा गिलावा हा त्याहून मोठा गुन्हा. आणि बाथरूम! जुन्या वाड्यात खोलीला लागून न्हाणीघर नसायचंच. पाहुण्याला ते हवंच असतं, म्हणून चित्राच्या भिंतीच्या मागे शॉवर बसवतात. एका ठिकाणी मी हात जोडून सांगितलं, शॉवर पलीकडच्या भिंतीला घ्या. ऐकलं नाही. वर्षभरात देवीच्या चेहऱ्यावर बुरशी.
मीनलताई, गरम पाणी नव्हतं ते एका अर्थी बरंच म्हणायचं.

ठाणेकर_मीनल
@चुना, तुम्ही माझ्या नवऱ्याच्या बाजूचे दिसता.

मळा_पणजी
कुळागर, धागा आवडला. पणजीतल्या फोन्तेन्हासबद्दल, म्हणजे जुन्या पोर्तुगीज वस्तीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून मी. माझं माहेर शेजारच्याच मळ्यातलं, त्यामुळे तिथे हॉटेलात राहायचं म्हटल्यावर आई म्हणाली, पैसे वर आलेत का? पण पुण्याच्या नणंदेला पणजिम इन बघायचंच होतं, तिच्याबरोबर राहिले. एकोणिसाव्या शतकातलं घर, शिसवी पलंग उंच, वर चढायला चौरंग लागतो. त्यांचंच पणजिम पौसाद समोर आहे, ते जुनं हिंदू घर, मध्ये अंगण. आणि गीतांजली गॅलरीही त्याच मंडळींची, तिथे गोव्यातल्या आणि बाहेरच्याही चित्रकारांची प्रदर्शनं लागतात.

लहानपणी मी त्या गल्लीतून शिकवणीला जायची. तेव्हा निळ्यापिवळ्या भिंतींचं काही वाटायचं नाही, पोर्तुगीज काळात पावसाळा सरला की घर रंगवणं सक्तीचं होतं म्हणे, ती सवय राहिली एवढंच. सां सेबास्तियांवच्या कपेलातल्या (छोट्या चर्चमधल्या) क्रुसाची मात्र भीती वाटायची. तिथल्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत. तो क्रूस मूळचा जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या (चर्चच्या धर्मन्यायालयाच्या) वाड्यातला, आणि आरोपीला धडकी भरावी म्हणून डोळे तसे, असं आजी सांगायची. हॉटेलच्या बल्कांवात (दारासमोरच्या ओसरीत) बसून नणंदेला हे सांगितलं तर ती रात्री दिवा चालू ठेवून झोपली.

एक विनंती. तिथे माणसं राहतात हो. लोक दुसऱ्याच्या जिन्यावर बसून प्री-वेडिंग काढतात, खिडकीत डोकावतात. गल्लीत फोटो काढू नका अशा पाट्या लागल्यात त्या उगाच नाहीत. हॉटेलात राहिलात तर सकाळी लवकर फिरा, मोठ्यानं बोलू नका, पोदेराकडून (पाववाल्याकडून) पाव घ्या.

कॅरीकर
@मळा, उंच पलंगावरून आठवलं, बाबा तिथे पडले असते...
सॉरी, मीटिंग सुरू झाली.

साधा_माणूस
सगळ्यांचं वाचून मजा आली, पण असल्या हॉटेलांचं एका रात्रीचं भाडं म्हणजे आमचा महिन्याचा किराणा. म्हणून सांगतो, सावंतवाडीचा राजवाडा तिकीट काढूनही बघता येतो, कारागीर तेच, पत्ते तेच. आणि कुडाळजवळ पिंगुळीला जा. परशुराम गंगावणे यांनी गोठ्यात संग्रहालय केलंय, ठाकर समाजाची चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या. २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली त्यांना. पोथीतलं एकेक चित्र समोर धरून गोष्ट गातात. कुळागर म्हणतो तसं काढणारा माणूस समोर हवा असेल, तर गोठा राजवाड्याला भारी आहे.

कुळागर
@साधा_माणूस, शंभर टक्के. वाड्यातही मला खोलीपेक्षा तो दरबार हॉलच आवडला, तिकिटात भागलं असतं. पण बायकोच्या मते संध्याकाळी बाकीचे पर्यटक गेल्यावर आवारात फिरायला मिळालं, त्याचे पैसे वसूल. हे आमच्याकडे अजून मिटलेलं नाही.

निळावंती
गंजिफा खेळतात कसं पण? की नुसतं काचेत ठेवायचं?

कुळागर
खेळतात! दशावतारी संचात १२० पानं, दहा अवतार, प्रत्येकी बारा. राजा, प्रधान आणि एक ते दहा. तिघं भिडू, चाळीस चाळीस पानं. दिवसा खेळलात तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्यानं सुरुवात करायची, रात्री कृष्णाचा. आणि निम्म्या अवतारांत दहेला वरचढ, निम्म्यांत एक्का. लक्षात ठेवता ठेवता डोकं फिरतं. हुकूम नाहीच. चाळीस गोल पानं हातात मावतही नाहीत, आम्ही समोर चादर घालून त्यावर मांडली.

झोपाळा
रात्री बारा वाजता डाव चालू असेल तर रामाचा की कृष्णाचा?

कुळागर
सूर्यावर असतं, घड्याळावर नाही. बारा म्हणजे कृष्णच.

ठाणेकर_मीनल
सावंतवाडीला कोकणकन्या थांबते ना? गणपतीनंतर जायचं म्हणतोय. साबाही येतील, गुडघे दुखतात.

बांद्याची बाय
थांबता. पण स्टेशन मळगावात, गावापासून लांब. रिक्षा आदीच ठरवन ठेव. सासूक गरम पाणी व्हया असात तर आदी इचार, मगे रडा नको :)

ठाणेकर_मीनल
=)) विचारते. पिंगुळीचं ते रविवारी उघडं असतं का कोणी सांगेल?

साधा_माणूस
फोन करून जा ताई. घरच आहे ते त्यांचं, कार्यक्रमाला बाहेरगावी गेलेले असले तर चुकामूक होईल. बाहुल्यांचा खेळ बघायचा असेल तर तेही आधी सांगा, वाजवायला माणसं गोळा करावी लागतात.